चौथ्या डब्यातलं चीज

चौथा डबा उघडला आणि आत चीज निघालं.

सिनेमाच्या स्टुडिओत फिल्मचे तुकडे जोडणाऱ्या दारेजानने आधी वास घेतला, मग बोटाने दाबून पाहिलं. शंकाच नको. खारवलेलं, पांढरंशुभ्र, डब्यात चपखल बसेल असं गरगरीत चीज. तिथे असायला हवं होतं चौथं रीळ. सगळा हिवाळा डोळे फोडून तिने ते जोडलं होतं. कष्टाचं चीज होतं म्हणतात, पण इतकं शब्दशः ते तिफ्लिस शहरात कुणाचं झालं नसेल.

ती खाली बसली. संध्याकाळी पाच वाजता समिती यायची होती. 'बैठक चालू आहे' हा नवा विनोदी मूकपट समितीने पास केला तर तो देशभर जाणार होता, नाही केला तर कपाटात. गोष्ट अशी, की एक म्हातारा मेलेलं गाढव पुरण्याची परवानगी मागायला कचेरीत येतो. साहेब कायम बैठकीत. टेबलाटेबलांवरून फिरता फिरता म्हातारा शेवटी तिथेच कारकून होऊन बसतो. पडद्यावर याचं हसू येतं. प्रत्यक्षात काय होतं, ते गुन्हे शाखेच्या पार्मेनला त्या दिवशी पुरेपूर कळलं.

पार्मेन हा तपासनीस पन्नाशीकडे झुकलेला, चिडका आणि कामाला चोख. डावा कान युद्धात तोफेने नेलेला, उजवा जेमतेम निम्मा शिल्लक. युद्धानंतरचं एक वर्ष तर त्याने ठार बहिरेपणात काढलं होतं. त्यामुळे समोरचा बोलू लागला की हा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. माणसं बिचकायची. गुन्हेगार जरा जास्तच.

त्याला फाटकातच अर्धा तास उभं केलं. आत जायला पास हवा, पास व्यवस्थापक पोर्फिले देणार, आणि पोर्फिले बैठकीत.

"मावशी, अहो तुमच्याच व्यवस्थापकाने मला बोलावलंय!" तो फाटकावरच्या म्हातारीवर ओरडला.

"बोलावलं असेल बाबा. पास कुठे दिलाय?" म्हातारी शांतपणे म्हणाली आणि बाहेर पडणाऱ्या एका सुताराचे खिसे, कोट, पायमोजे चाचपू लागली. फिल्मच्या तुकड्यांपासून चप्पल-बूट चिकटवायचा फर्मास डिंक होतो, त्यामुळे स्टुडिओतून तुकडे गायब व्हायचे. म्हणून तिच्या तपासणीशिवाय माशीसुद्धा बाहेर जात नसे.

"सकाळपासून कुणी गोल, जड असं काही नेलं बाहेर?"

"माझ्या हाताखालून? नाव काढू नकोस."

पोर्फिले एकदाचा भेटला. बुटका, टापटीप, बोलताना टेबलावरच्या वस्तू सरळ करणारा.

"प्रकरण साधं आहे, कॉम्रेड तपासनीस," तो म्हणाला. "कपाटाला किल्ल्या दोन. एक माझ्या तिजोरीत, एक दारेजानकडे. माझी जागेवर आहे. म्हणजे चोर कोण ते उघड झालं."

"तिला तिचंच रीळ चोरून काय मिळणार?"

"तिचा नवरा लेवान आमच्याकडे कॅमेऱ्याचा मदतनीस होता. गेल्या वर्षी त्याने जर्मनीहून आलेल्या कोऱ्या फिल्मचे डबे अंधाऱ्या खोलीत उजेड करून नासवले. तीन वर्षांसाठी उत्तरेत सक्तमजुरीला पाठवलाय. नवऱ्याने फिल्म नासवली, बायकोने लांबवली. सूड! तुम्ही फक्त अटक करा, बाकी कागद तयार आहेत."

पार्मेन दारेजानच्या खोलीत गेला, बंद कपाटाची मूठ धरली आणि एक हिसका दिला. दार उघडलं.

"हे काय?" त्याने मागे वळून विचारलं.

पोर्फिलेने घसा खाकरला. "कुलूप दुरुस्त झालेलं आहे."

"माझ्यासमोर उघडलं की ते!"

"दुरुस्तीचा अर्ज मंजूर होऊन काम पूर्ण झाल्याची नोंद झालीय. प्रत्यक्षात सुतार आला नाही, तो भाग वेगळा."

"म्हणजे इथे कुणीही हात घालू शकतं?"

"प्रत्यक्षात, हो. कागदोपत्री फक्त दारेजान."

"आणि कोर्टात काय चालतं?"

"कागद," पोर्फिले म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरची सहानुभूती होती, आणि तीच पार्मेनला जास्त झोंबली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोरसुद्धा नियमात बसवून ठेवलेला.

दारेजान खिडकीशी उभी होती. तिशीची, शिडशिडीत, बोटांना कायम डिंकाचा वास.

"रीळ शेवटचं कधी पाहिलंत?"

"आज सकाळी आल्याबरोबर. सगळी तपासली, सगळी होती. मग डिंकाची बाटली मागायला पोर्फिलेंच्या दारात रांगेत उभी राहिले. तासभर गेला. परत येऊन पुन्हा उघडली तर हे."

"चीज कुणाचं?"

"काल दुपारी आमच्या सहकारी दुकानात सगळ्यांना एकेक वाटलं. माझं हे बघा, पिशवीत आहे तसंच आहे." तिने कापडात गुंडाळलेलं चीज दाखवलं. "पण पोर्फिले म्हणतात, पिशवीतलं चीज हा पुरावा नाही, खाद्यपदार्थ आहे."

"चौथ्या रिळात काय आहे? साहेबलोकांना फार झोंबेल असं?"

"छे हो. झोंबणारं सगळं दुसऱ्या रिळात. चौथ्यात साहेबांचं भाषण आहे. विमानाचा पंखा लावून कागदांचं वादळ उडवलंय, आणि साहेब मधोमध उभे राहून बोलतायत, बोलतायत, शेवटी रडतात. तोंड जवळून घेतलंय, लांबच लांब. लोक पोट धरून हसतील."

"कोण झालंय साहेब?"

"बग्रातकाका." तिचा चेहरा प्रथमच सैल झाला. "लेवानला नेलं त्यानंतर सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. काका तेवढे येत राहिले. सरपण आणतात, आईला औषध आणतात. कॉम्रेड, मला आत टाकलंत तर आई एकटी पडेल. आणि लेवानचा फेरविचाराचा अर्ज मी दिलाय. चोराच्या बायकोचा अर्ज कोण वाचणार?"

पार्मेनने शिपायांना हाक मारली.

त्याच्या दोन शिपायांनी सगळा स्टुडिओ पालथा घातला. रंगपट, कपडेपट, सुतारशाळा, शेगड्यांच्या राखा. फिल्म जाळली असती तर भडका उडून अर्धी इमारत गेली असती, म्हणजे जाळलेली नाही. फाटकातून गेलेली नाही. आणि आतही नाही! पार्मेनने टोपी काढून टेबलावर आपटली.

दिग्दर्शक नेस्तोर उपाहारगृहात भेटला. डोक्यात राख घालून बसलेला, समोर खारवलेल्या काकड्या. शेजारी साक्षात सिनेमातला साहेब होता. भलंमोठं पोट, रंगवलेल्या मिशा, जाकिटाची ताणलेली बटणं.

"हे आमचे बग्रात," नेस्तोर म्हणाला. "समितीचं स्वागत वेषात करणार म्हणतात. आता कसलं स्वागत? माझं तेरावं घाला!"

"पोरा, धीर धर," बग्रात म्हणाला. पोट खोटं होतं. वरचा चेहरा आणि मनगटं बारक्या, आजारी माणसाची होती. ओठांत सिगरेट होती, पेटवलेली नव्हती. नेस्तोरने काकडी पुढे केली तशी त्याने हात आडवा धरला. "नको रे. अल्सर आहे. डॉक्टरने मीठ तोडलंय. चिमूटभर गेलं तरी रात्रभर लोळतो."

"बसा ना, उभे का?" पार्मेन म्हणाला.

"या पोटाने बसवत नाही."

पार्मेनने खिशातली काडेपेटी काढून काडी ओढली आणि त्याच्या सिगरेटीपुढे धरली. बग्रात झटकन दोन पावलं मागे सरकला.

"सोडतोय मी," तो म्हणाला.

"आज सकाळपासून," नेस्तोर कुरकुरला. "कालपर्यंत धुरांडं होतात."

"तुमच्या वाट्याचं चीज कुठे आहे?" पार्मेनने सगळ्यांना विचारत आलेला प्रश्न विचारला.

"माझं सासूला दिलं," नेस्तोर म्हणाला.

"मी खाल्लं. कालच," बग्रात म्हणाला.

पार्मेन त्याच्या ओठांकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मग नेस्तोरकडे वळला.

"ते भाषणाचं दृश्य घेताना साहेब काय बोलत होते?"

"काय बोलणार? मूकपट आहे, कॉम्रेड! भाषणाची पाटी मागाहून घालतो आम्ही, 'काटकसर करा' वगैरे. नट तोंडाने पाढे म्हणेना का. यांना मी एवढंच सांगितलं की मनातलं काहीतरी खरं बोला, तरच डोळ्यांत उतरेल. आणि काय उतरलं! ढसाढसा रडले."

"तुम्ही ऐकलं काय बोलले ते?"

"विमानाचा पंखा कानाशी घरघरत होता. स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता."

इतक्यात पोर्फिले पाय आपटत आला. त्याच्यावर भलताच प्रसंग गुदरला होता. "पियानोवाल्याला नको म्हणून कळवायचंय, तर त्याला तीन सह्या लागतायत! अहो, आजचा प्रेक्षक बहिरा आणि पियानो कुणासाठी वाजवायचा?"

"बहिरा?" पार्मेनने उजवा कान पुढे केला.

"नियमच आहे, विनोदी चित्र समितीसोबत कामगारांना दाखवायचं. ट्रामवाले येणार होते. काल दुपारी कळलं, त्यांची बैठक निघाली. मग मी फळ्यावर सूचना लावली, ट्रामवाल्यांऐवजी मूकबधिर चांभारांची सहकारी संस्था येईल. माणसं मोजून तेवढीच भरतात, मला काय फरक पडतो?"

पार्मेन खुर्चीत मागे टेकला. दिवसभरात पहिल्यांदा त्याचं कपाळ सैल झालं, आणि लगेच पुन्हा आवळलं. त्याला आता चोर कळला होता. चोराने काय लपवलंय याचा मात्र अंदाजच होता, आणि तो अंदाज त्याला आवडत नव्हता.

"सगळ्यांना प्रेक्षागृहात बोलवा," तो म्हणाला. "दारेजानलाही."

"अटक?" पोर्फिलेने आशेने विचारलं.

"बोलवा म्हटलं ना!"

रिकाम्या खुर्च्यांमध्ये ते चौघं जमले. बग्रात अजून उभाच होता. पार्मेन पडद्यापुढे येरझाऱ्या घालू लागला.

"सकाळपासून आपण विचारतोय, रीळ कुणी नेलं. मी तेच विचारत फिरलो आणि डोकं फोडून घेतलं. विचारायला हवं होतं, हेच रीळ का, आणि आजच का? साहेबलोकांची टिंगल दुसऱ्या रिळात आहे. त्याला कुणी हात लावला नाही. चौथ्यात आहे फक्त एका माणसाचं तोंड, जवळून घेतलेलं, बोलणारं. ते हिवाळाभर कपाटात पडून होतं, तेव्हा कुणाला त्याची भीती वाटली नाही. काल दुपारी फळ्यावर सूचना लागली आणि आज रीळ गेलं. ट्रामवाल्यांना ते तोंड मुकं होतं. या चांभारांना नाही. ते कानाने ऐकत नाहीत, ओठांनी ऐकतात."

नेस्तोरने हळूच बग्रातकडे पाहिलं.

"निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून नवी प्रत काढता येते ती मूळ फिल्म, तिला चोराने हात लावला नाही, कारण गरज नव्हती. बाकी जगाला काही कळणार नव्हतं. फक्त आजची संध्याकाळ टाळायची होती. उद्या रीळ गुपचूप परत आलं असतं. आता ते आहे कुठे? बाहेर गेलं नाही. खोल्यांमध्ये नाही. म्हणजे कुणाच्या तरी अंगावर आहे. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत बसलो! फिल्मला ठिणगी लागली की संपलं, हे इथे पोरंटोरंही जाणतात. आणि इथे एक धुरांडं आजच सिगरेट सोडतं, काडी पाहून मागे उडी मारतं. ज्याला चिमूटभर मीठ चालत नाही तो सांगतो, अख्खं खारं चीज कालच खाल्लं. म्हणजे डबा जड लागावा म्हणून आत ठेवलेलं चीज त्याचंच. चित्रीकरण संपून महिने झाले आणि तो आज पोट बांधून आलाय, बसत नाही, वाकत नाही." तो थांबला. "बग्रात, जाकीट काढा."

बग्रातने बटणं सोडली नाहीत. दारेजान त्याच्याकडे बघत होती, त्याने नकार द्यावा म्हणून.

"काका, सांगा ना त्यांना," ती म्हणाली.

तेव्हा त्याची बोटं बटणांकडे गेली. कापसाच्या पोटाला मधोमध शिवण उसवलेली होती. आत, जुन्या शालीत गुंडाळलेलं, चौथं रीळ होतं.

"मी परतच ठेवणार होतो, पोरी. तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

"पण आलं ना माझ्यावर! सकाळपासून माझ्यावरच आलंय. तेव्हा का नाही बोललात?"

पार्मेनने रीळ प्रक्षेपकवाल्याकडे पाठवलं.

दिवे गेले. पडद्यावर कागदांचं वादळ उठलं. फायली पाखरांसारख्या उडत होत्या, कारकून टेबलांना लटकत होते, आणि मधोमध तो ढेरपोट्या साहेब मुठी आपटत होता. नेस्तोरला एवढ्या प्रसंगातही हसू फुटलं. मग साहेबाचं तोंड पडदाभर झालं. पार्मेन पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला आणि ओठांबरोबर बोलू लागला. अडखळत, एकेक शब्द वेचत.

"लेवानने... काही केलं नाही. काडी मी ओढली. मी प्यायलो होतो. कोट शोधायला अंधाऱ्या खोलीत गेलो... काडी ओढली... डबे उघडे होते. मला विचारलं तेव्हा मी नाव... त्याचं सांगितलं. देवा, त्याची बायको मला काका म्हणते."

पडद्यावरचा साहेब ढसाढसा रडत होता. दिवे लागले.

दारेजान हलली नाही. "हे तुकडे मी जोडले," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, आणि पार्मेनने तो ओठांवरूनच वाचला. "एकेक चौकट हातात धरून. हिवाळाभर या तोंडाकडे बघत होते मी. किती छान रडलात, असं म्हणाले होते ना मी तुम्हाला?"

बग्रात खाली बसला, रिकामं पोट पुढे लोंबत होतं. "कोणी ऐकणार नाही म्हणून तर बोललो," तो म्हणाला. "कुठेतरी बोलायचं होतं मला."

"आता ऑफिसात बोला," पार्मेन म्हणाला. "लेवानचं प्रकरण उघडायचं. लिहून द्याल?"

बग्रातने मान वर केली. त्या डोळ्यांत पश्चात्ताप होता आणि त्याहून मोठी भीती होती. "रीळ चोरलं ते कबूल करतो. ते दुसरं... मी नट आहे, कॉम्रेड. नट काहीही बोलतो. रचून बोलतो."

पार्मेनच्या तोंडात शिवी आली. त्याहून वाईट म्हणजे पोर्फिले पुढे सरसावला.

"बरोबर आहे त्यांचं. पुरावा कुठाय? ऐकलं कुणी? तुम्ही? तुमचा एक कान सरकारदरबारी निकामी म्हणून नोंदलाय. मूकपटात माणूस बोलला अशी नोंद करायला आमच्याकडे रकानाच नाही. रीळ मिळालं, प्रकरण मिटलं. ते तोंडाचं दृश्य तेवढं काढून टाका."

"हो, हो," नेस्तोर घाईघाईने म्हणाला. "दारेजान, अजून वेळ आहे. काप तेवढं. चित्र वाचेल. बाई, हात जोडतो, सगळ्यांच्या मेहनतीचा प्रश्न आहे."

सगळे तिच्याकडे बघत होते. कात्री तिच्याच खिशात असायची. पार्मेनला वाटलं, कापेल ही. आई आहे घरी, नोकरी आहे, आणि तिला कोण काय देणार आहे न कापल्याबद्दल? त्याला स्वतःच्या हातांचा राग आला, कारण त्यांना रिळाची चोरी नोंदवता येत होती, लेवानच्या वर्षांची नाही.

दारेजान उठली. रीळ प्रक्षेपकवाल्याकडून घेतलं, डब्यातलं चीज काढून पोर्फिलेच्या हातात ठेवलं आणि रीळ डब्यात घालून झाकण लावलं.

"अख्खं दाखवायचं," ती म्हणाली.

समिती आली. चांभार आले, बाया आणि बाप्ये, हातांनी भराभर बोलत, एकमेकांना कोपरखळ्या मारत. त्यांच्या संस्थेची चिटणीस, एक ऐकू येणारी उंच बाई, कडेला उभी राहिली. पियानोवाला रद्द न झाल्यामुळे तोही आला आणि वाजवू लागला. पहिल्या रिळाला हशा, दुसऱ्याला त्याहून मोठा. समितीचे अध्यक्ष डोळे पुसत होते. बग्रात शेवटच्या रांगेत दोन शिपायांच्या मध्ये बसला होता.

चौथं रीळ सुरू झालं. वादळ उठलं, कागद उडाले, आणि सगळं सभागृह खदखदलं. मग ते तोंड पडदाभर झालं.

समिती हसतच राहिली. पियानो जोरात वाजत राहिला. आणि मधल्या रांगांमधले हात एकेक करून थांबले. चांभार पुढे झुकले. एका बाईने तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरला. हसणाऱ्यांना काय झालं ते कळेना, मागे वळून बघता बघता त्यांचंही हसू विरलं. शेवटी एकटा पियानो उरला, मग तोही थांबला.

अध्यक्षांनी दिवे लावायला सांगितले. "काय झालं? आवडलं नाही?"

पांढऱ्या मिशांचा एक चांभार उभा राहिला. त्याने पडद्याकडे बोट केलं, मग सगळ्या सभागृहाकडे, आणि संतापून हातांनी भराभर काहीतरी म्हणाला. त्याच्यामागे सगळी रांग उभी राहिली, मग तिच्यामागची. पार्मेनने पोर्फिलेकडे पाहिलं. पोर्फिले तोंडं मोजत होता.

चिटणीस बाईने घसा साफ केला.

"ते म्हणतायत, हा माणूस काय बोलला ते आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, कुठेही येऊन सांगू," ती म्हणाली. "आणि विचारतायत, हा लेवान कोण?"

दारेजान प्रक्षेपकाच्या खोलीतून बाहेर आली होती. ती रांगांच्या मधोमध जाऊन थांबली, त्या सगळ्यांना आपलं तोंड नीट दिसेल अशी. मग एकेक शब्द सुटा करून, आवाज न काढता म्हणाली,

"माझा नवरा."